आईचा लॅपटॉप आणि उलटी घासाघीस

वार्काउस,
रविवार, ३ ऑगस्ट

ती. आर्मासमामांस,
साइमीचा नमस्कार.

आधी झालेली हकिगत क्रमाने देते. पुढचे वाचायला सवड नसेल तर एवढ्यावर भागेल.

१. आईला लॅपटॉप हवा आहे. १८ ऑगस्टच्या आत.
२. तिने त्यासाठी अडीचशे युरो बाजूला ठेवले आहेत. त्यापुढे एक सेंट नाही.
३. पहिल्या प्रयत्नात लॅपटॉपऐवजी प्लास्टिकची बादली मिळाली.
४. दुसऱ्या प्रयत्नात लॅपटॉप सापडला. चांगला आहे. ऐपतीत बसतो.
५. तो घेता आला नाही, कारण विकणारा फार कमी पैसे मागतो.

पाचवा मुद्दा चुकून लिहिलेला नाही.

आता रीतीप्रमाणे. तुमचा गुडघा कसा आहे? (मागच्या पत्रात तुम्ही "आहे" एवढेच लिहिले होते. गुडघा आहे हे आम्हाला माहीत होते.) जाळ्यात मासे येतात का? कुत्री अजून पोस्टमनवर भुंकते, की दोघांचे जमले? मी बरी आहे. दुकानांतले वजनकाटे तपासत फिरते, खरे निघाले की शिक्का मारते, खोटे निघाले की नाही मारत. या कामामुळे माझा स्वभाव रुक्ष झाला असे आई म्हणते. मला वाटते तो आधीच तसा होता आणि म्हणून हे काम मिळाले. तुमचा फोन ड्रॉवरमध्ये बंद असतो, म्हणून पत्र लिहिते आहे, आणि घरात लॅपटॉप नाही, म्हणून हाताने. (माझा स्वतःचा आहे, पण तो खात्याचा. त्यावर काट्यांखेरीज काही करायचे नाही असा नियम आहे, आणि तो नियम सगळ्या जिल्ह्यात मी एकटी पाळते.)

आईची शाळा मे महिन्यात बंद झाली हे तुम्हाला ठाऊक आहे. मुले उरली नाहीत, म्हणून स्वयंपाकघरही उरले नाही. एकतीस वर्षे जिने दोनशे मुलांचे वाटाण्याचे सूप केले ती बाई जूनमध्ये दोघींसाठी सूप करायला बसली आणि ते आम्ही आठवडाभर खाल्ले. मग तिने कोणालाही न विचारता वर्गातल्या मदतनिसाच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. ज्या मुलांना अक्षरे जड जातात, जी बाकावर टिकत नाहीत, त्यांच्याशेजारी बसायचे काम. हे काम तिला येते. मुलांना जेवण वाढताना ती तेच करत होती, फक्त हातात पळी असायची. पण शिकवणे सगळे इंटरनेटवरून आहे. १८ तारखेला सकाळी जो पडद्यावर दिसणार नाही त्याची जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला जाईल, असे कॉलेजने कळवले आहे. यादीत किती माणसे आहेत हे आईने फोन करून विचारून घेतले. तेव्हापासून ती त्या माणसांविषयी असे बोलते की जणू ती आमच्या जिन्यात उभी आहेत.

मी पैसे घालते म्हटले, तर म्हणाली, "तू पोरगी आहेस, बँक नाहीस." विषय संपला.

काय हवे ते मी लिहून काढले होते: आठ जीबी रॅम, एसएसडी, चालू कॅमेरा, नवे विंडोज चालेल इतका अलीकडचा प्रोसेसर. आईच्या अटी वेगळ्या होत्या. झाकण चकचकीत नको, बटणांचा आवाज नको, आणि उघडल्याउघडल्या प्रश्न विचारणारा नको. बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोनशे एकोणपन्नासला एक नवा कोरा होता. दिसायला देखणा, आत निम्मी रॅम, आणि साठवायला एवढी कमी जागा की विंडोजनेच पाय पसरले की आईच्या अभ्यासाला उंबऱ्यावर बसावे लागेल. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. विकणारा मुलगा नम्र होता. त्याने तीन वर्षांचा विमा सुचवला. आईने विचारले, "का, बिघडणार आहे का?" तो गप्प बसला. त्याचे गप्प बसणे प्रामाणिक होते, म्हणून आम्ही त्याचे आभार मानून बाहेर पडलो.

मग बादली. गावाबाहेर, हमरस्त्यालगत नवे दुकान उघडणार असल्याची जाहिरात आली. पहिल्या तीस गिऱ्हाइकांना लॅपटॉप एकशे नव्याण्णवला (मी आकडे तपासले, यंत्र खरेच योग्य होते), आणि पहिल्या पाचशे जणांना दहा लिटरची बादली फुकट. दार नऊला उघडणार होते. आम्ही सहाला पोचलो. शंभरेक माणसे आधीच उभी होती, एकमेकांपासून सभ्य अंतर राखून, कोणी कोणाशी न बोलता. रांग दिसली, आम्ही तिच्या शेपटाला लागलो. ही कशाची रांग आहे हे विचारायला हवे होते. पण रांगेत उभ्या माणसाला असले विचारणे म्हणजे त्याच्या अकलेवर शंका घेणे. आणि शंभर माणसे उभी आहेत त्या अर्थी पुढे काहीतरी असणारच. आमच्या पुढे थर्मास घेतलेली एक बाई होती. तासाभराने ती आईला म्हणाली, "गार आहे." आई म्हणाली, "पण कोरडं आहे." एवढ्यावर त्यांची मैत्री झाली आणि आईला अर्धा कप कॉफी मिळाली.

नऊ वाजले. रांग हलली, पण दाराकडे नव्हे. ती इमारतीला वळसा घालून बाजूच्या एका खिडकीकडे चालली होती. तिथे एक पोरसवदा माणूस बादल्या देत होता. दुकानाचे मुख्य दार त्याच वेळी उघडले आणि त्यातून तुरळक माणसे आत जाऊ लागली, नुकतीच गाडीतून उतरलेली, झोप पुरी झालेली. काचेतून सगळे दिसत होते. लॅपटॉपचा ढीग दारापासून दहा पावलांवर होता आणि त्याला रांगच नव्हती.

मी आईला म्हटले, "चल, सोड, आत जाऊ."

आई हलली नाही. "रांग सोडून?"

"ही बादलीची रांग आहे."

"कळलं मला. पण तीन तास उभी राहिलेय मी. आता सोडली तर मागचे म्हणतील, उभी तरी कशाला राहिली होती?"

"मग मी एकटी जाते."

"तुझा नंबर माझ्यापुढे आहे. तू गेलीस की मी पुढे सरकणार, म्हणजे मी घुसले असं होईल."

हे तर्काला धरून नव्हते, पण थर्मासवाली बाई मान डोलवत होती आणि तिच्यामागची दोन माणसेही. बहुमत झाल्यावर मी थांबले. आमच्या डोळ्यांदेखत लॅपटॉपची खोकी एकामागून एक बाहेर गेली. शेवटचे खोके नेणाऱ्या माणसाने आमच्या रांगेकडे पाहिले, खोके गाडीत ठेवले, आणि येऊन रांगेच्या शेपटाला उभा राहिला. त्यालाही बादली हवी होती.

बादली पिवळी आहे. परत येताना आई गाडीत दोनदा म्हणाली, "बादली चांगली आहे." मी घरी मापून पाहिली. काठोकाठ भरली तर दहा लिटर बसते, पण आतली दहाची रेघ खाली घातली आहे. सांगितले नाही.

यानंतर आईने जुन्या वस्तूंच्या साइटवर स्वतः जाहिरात शोधली (माझ्या फोनवर, चष्मा नाकाच्या टोकाला). जाहिरात अशी होती: "लॅपटॉप. चालत असावा. २५०. येऊन बघायला हरकत नसावी." खाली नाव, ताउनो पेल्टोमा. हा माणूस आपल्या साव्हो प्रांताचा आहे हे वेगळे सांगायला नको. तुम्ही इथलेच, तुम्हाला ठाऊक आहे की इकडे बोलणाऱ्याने फक्त बोलायचे, अर्थाची जबाबदारी ऐकणाऱ्याची. भेट सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ठरली. आम्ही वेळेवर पोचलो. समोर एक निळी गाडी, आत टोपी घातलेला एक माणूस. आम्ही गाडीत बसून राहिलो, कारण तो कोणा दुसऱ्याची वाट पाहत असला तर उगीच त्रास. तोही बसून राहिला, त्याच कारणाने, हे नंतर कळले. वीस मिनिटांनी मी त्याला फोन केला. समोरच्या गाडीतल्या माणसाने फोन उचलला. आम्ही एकमेकांकडे पाहत फोनवर बोललो.

"पेल्टोमा?"

"असू शकेल. तुम्ही लॅपटॉपवाल्या?"

"हो. समोरच आहोत."

"दिसताय. म्हटलं, त्याच असाव्यात. पण माणसानं एकदम धावून जाऊ नये."

लॅपटॉप त्याने आणलाच नव्हता. "तुम्ही याल की नाही हे नक्की नव्हतं. मग तो बिचारा कशाला उगाच हिंडवायचा?" असे त्याचे म्हणणे. म्हणून त्याच्या घरी. कालव्याकाठी बैठ्या घरांची ओळ आहे, त्यातले शेवटचे. तो पूर्वी ओंडके ओढणाऱ्या बोटीवर कप्तान होता, आता निवृत्त आहे, एकटा राहतो. लॅपटॉप नॉर्वेतल्या मुलीशी बोलायला घेतला होता. तिने नंतर त्याला टॅबलेट पाठवला, म्हणून हा पडून. स्वयंपाकघरात कॉफी तयार होती आणि टेबलावर तीन कप मांडलेले होते. (आम्ही येऊ की नाही हे नक्की नसलेल्या माणसाने.)

मी यंत्र तपासले. रॅम आठ जीबी. एसएसडी ठीक. बॅटरीची क्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांवर. कॅमेरा स्वच्छ. नवे विंडोज चालते. वजन दोन किलोच्या किंचित वर. (काटा माझ्या पिशवीत असतो.) पण मी एकेक गोष्ट बरी म्हणायचा अवकाश, ताउनो तिच्यातली खोट सांगायचा. बिजागरी करकरते. स्वल्पविरामाचे बटण दोनदा दाबावे लागते. बॅटरी तीन तास चालते, "पण दोनच धरा, आणि थंडीत तर एकच." झाकणावर चरा आहे, तो मला दिसला नव्हता, म्हणून त्याने दिव्याखाली धरून दाखवला. एकदा यावर ताक सांडले होते. कडेला, थोडेसे. पण सांडले होते. आणि प्रत्येक खोट सांगून झाली की तो किंमत उतरवत होता. दुसरा कप संपेपर्यंत नव्वदवर आला.

मी आईला हळूच सांगितले की बाजारात याचे रास्त मोल दोनशे दहा आहे. ही माझी चूक. आईने ते हळूच ठेवले नाही.

"दोनशे दहा," ती म्हणाली.

"बाई, मी नव्वद म्हणालो."

"ऐकलं. कान शाबूत आहेत माझे. दोनशे दहा."

"नव्वदच्या वर घेतले तर मला झोप लागायची नाही."

"आणि नव्वदला नेला तर मला लागेल? माझ्या पोरीनं तपासलाय तो. सरकारी शिक्का असतो तिच्याकडे."

"मग तिला काटे तपासू दे. बिजागरी माझी आहे. तिचं मला ठाऊक."

"मला काय दया दाखवताय?"

"आणि मी काय लुटारू आहे? आल्या पाहुण्याला लुटायला बसलोय इथं?"

मी मध्ये पडून दीडशे सुचवले. दोघांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी बूट घालून सौनाच्या न्हाणीत शिरले आहे. दीडशे म्हणजे दोघांनाही झोप नाही, असे ताउनो म्हणाला, आणि आईला ते पटले. त्या दोघांचे एकमत झालेला तो एकच मुद्दा. मग आई उठली, कॉफीबद्दल आभार मानले, आणि आम्ही हात हलवत परत आलो. दारात तो म्हणाला, "दुसऱ्या कोणाला देत नाही. विचार करा." आई म्हणाली, "तुम्हीच करा."

आता विनंती. तुम्ही इकडे या आणि लॅपटॉप त्याच्याकडून नव्वदला घ्या. मग तो आईला दोनशे दहाला द्या. मधले पैसे सरपणात घाला आणि आमच्या शेडमध्ये रचून ठेवा. आई सरपण कधी मोजत नाही. खोटे बोलायची गरज नाही. मी तपासून पाहिले, कोणत्याही टप्प्यावर एकही असत्य वाक्य उच्चारावे लागत नाही, फक्त गप्प बसावे लागते, आणि त्यात आपल्या घराण्यात तुमच्या तोडीचे कोणी नाही. मी स्वतः घेऊ शकत नाही, कारण त्याने मला पाहिले आहे आणि आई माझा चेहरा वाचते.

कळावे,
आपली भाची
साइमी

ता. क. (मंगळवार). पाकीट बंद करायचे होते, पण घरात तिकीट नव्हते आणि तोवर परिस्थिती बदलली. आई काल किमतीची चर्चा करायला ताउनोकडे गेली होती. आजही गेली. बरोबर दालचिनीचे पाव नेले, कारण रिकाम्या हाताने भांडायला जाणे बरे दिसत नाही. आजचे भाव असे: ताउनो पंच्याऐंशी, आई दोनशे पंधरा. मी बरीच वर्षे मोजमापात आहे. दोन बाजू घासाघीस करता करता एकमेकींपासून दूर चालल्याचे पहिल्यांदाच पाहते आहे. तरी माझी योजना अजून लागू आहे, असे समजावे.

आणखी ता. क. (गुरुवार). योजना लागू नाही.

आज संध्याकाळी मी आईला न्यायला गेले. लॅपटॉप ताउनोच्या स्वयंपाकघरात टेबलावर उघडा होता आणि आई त्याच्यासमोर बसली होती. सौदा झालेला नाही, म्हणून घरी नेता येत नाही. पण "वापरून पाहायला" हरकत नाही असे ठरले आहे. तिने कॉलेजच्या चाचणी-वर्गात हजेरी लावली. चित्र आले, आवाज आला, आणि तिकडच्या बाई म्हणाल्या, उत्तम, १८ तारखेला असेच बसा. ताउनोने टेबल भिंतीपासून ओढून खिडकीशी आणले आहे, उजेड तिच्या तोंडावर पडावा म्हणून. वर्ग चालू असताना तो बाहेरच्या पायरीवर बसून होता, कारण चमच्याचा आवाज तिकडे ऐकू जाईल. बिजागरीत त्याने तेल घातले आहे. आईने त्यावर आक्षेप घेतला, किंमत वाढेल म्हणून.

गाडीत मी तिला सरळ विचारले की हे मिटवायचे कधी. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "घाई काय आहे? सौदा मिटला की कॉफी कोण विचारतं?" मी यावर मत दिलेले नाही. एवढीच नोंद करते की मे महिन्यापासून आई सकाळी खिडकीशी बसून असायची, आणि या आठवड्यात ती रोज घड्याळ पाहून बाहेर पडते आहे, केस विंचरून, उशीर होईल म्हणून. प्रतीक्षायादीतली माणसे तिच्या बोलण्यातून गेली आहेत.

तेव्हा मामा, खरी विनंती ही: काहीही करू नका. लॅपटॉप घेऊ नका, सरपण आणू नका, मध्यस्थी करू नका, आणि इकडे सहज म्हणूनही येऊ नका, निदान सप्टेंबर संपेपर्यंत. मी संपूर्ण पत्र फाडून नवे लिहायला हवे होते हे कळते, पण लिहिलेले खोडणे माझ्या सवयीत नाही. भीती एवढीच की तुम्ही पत्राचा पहिला भाग वाचून लगेच निघाल. तीन वर्षांपूर्वी आईने लिहिले होते की छपराला गळती आहे. तुम्ही उत्तर न देता ट्रेलरमध्ये फळ्या भरून आलात आणि दुपारपर्यंत अर्धे छप्पर उतरवलेत. ते छप्पर शेजाऱ्यांचे होते. त्यांनी सभ्यपणे काही म्हटले नाही, म्हणून तुम्ही उरलेलेही उतरवलेत.

या वेळी कॉफीची बाब आहे, आणि कॉफी फळ्यांनी दुरुस्त होत नाही. आपण काहीही करणार नाही, असे एका ओळीत लेखी कळवावे. उत्तर शुक्रवार, १५ ऑगस्टपर्यंत माझ्या हाती पडावे.

साइमी